काळ्या पाटीवरचा होकार

दरवर्षी श्रावण सरता सरता संपादकांची विचारणा येते : यंदा कोणत्या पुस्तकावर लिहिता? या खेपेस मी कळविले की, यंदा पुस्तकावर लिहीत नाही, संगणकाच्या पडद्यावरील एका काळ्या चौकटीवर लिहितो. संपादक सज्जन आहेत. त्यांनी एवढेच विचारले की, दिवाळीच्या फराळाबरोबर अंक चाळणाऱ्या आयाबहिणींना आणि आजोबांना ते पचेल काय? मी म्हटले, पचावे अशी इच्छा आहे. कारण विषय यंत्राचा दिसला तरी मूळ प्रश्न वाचण्याचा आहे, आणि वाचणे हा आपल्या सर्वांचा धंदा आहे.

मी जळोचीचा. गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले असले, तरी आमच्या तोंडी ते अजून गावच आहे. मराठी शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली. संगणकाचे माझे ज्ञान पत्र टंकलिखित करण्यापुरते आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आमच्याकडे आला तोही उसाच्या वाटेने. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ पासून उसावर तिचे प्रयोग दाखविले, तेव्हापासून पाण्याच्या पाळीइतक्याच सहजतेने हा शब्द पारावर उच्चारला जातो. पण माझ्या घरात ती उसातून आली नाही. ती आली माझ्या भाच्याच्या काळ्या चौकटीतून.

या चौकटीला टर्मिनल म्हणतात. तिच्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. लुकलुकणारी एक रेघ असते. तिथे आपण आज्ञा टंकायची, की यंत्र ती पाळते. मूळ टर्मिनल म्हणजे तारयंत्रासारखा एक टंकलेखकच होता. १९६३ साली निघालेले 'टेलिटाइप ३३' सेकंदाला दहा अक्षरे या गतीने कागदावर खडखडत छापीत असे. पुढे कागदाच्या जागी काच आली. १९७८ च्या 'व्हीटी १००' या यंत्राच्या काचेवर चोवीस ओळी आणि दर ओळीस ऐंशी अक्षरे मावत. ती ऐंशी अक्षरेही १९२८ सालच्या भोके पाडलेल्या पत्त्यांवरून वारशाने आलेली. आज काचेचा तो डबा वस्तुसंग्रहालयात गेला आहे. परंतु त्याची नक्कल करणारी चौकट जगातील बहुतेक प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या पडद्यावर उघडी असते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या चौकटीत काय दिसावे? मला तिची शैली दिसली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची प्रणाली रचावयास घेतली. तिच्यातील पुष्कळ आज्ञा दोनदोन अक्षरांच्या आहेत. यादी दाखविण्यास 'एलएस', नक्कल करण्यास 'सीपी', पुसून टाकण्यास 'आरएम'. काम बिनबोभाट झाले तर यंत्र काहीच बोलत नाही. शाबासकी नाही, खुलासा नाही. पुसून टाक म्हटले की ते बहुधा विचारतही नाही. या अबोलपणात एक तऱ्हेचा आदर आहे : तू जे लिहिलेस ते समजून लिहिलेस, असे हे यंत्र धरून चालते.

बारामतीच्या माणसाला या काटकसरीचे नवल वाटण्याचे कारण नाही. कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, आणि त्यांतील एक निरोष्ठ रामायण आहे. ओठांना ओठ लावून उच्चारावयाचे वर्ण त्यात वर्ज्य. म्हणजे ज्या ग्रंथात 'राम' हा शब्दच येऊ शकत नाही असे रामायण! पंतांच्या या हौसेची थट्टा पुष्कळांनी केली आहे, आणि मीही वर्गात केली आहे. तथापि एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. असे बंधन पाळणाऱ्याला प्रत्येक अक्षर निरखून घ्यावे लागते. डोळे मिटून निरोष्ठ रामायण लिहिता येत नाही. जुन्या टर्मिनलचेही तसेच होते. त्याची गैरसोय हीच त्याची शिस्त होती.

आता या मितभाषी घरात एक बोलका मदतनीस येऊन राहिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस २०२१ साली 'गिटहब कोपायलट' या नावाने आला, तो संपादन करण्याच्या खिडकीत; लिहिणाऱ्याची ओळ पुरी करून देई. २०२३ साली 'एडर' नावाच्या प्रोग्रॅमने त्याला टर्मिनलमध्ये आणले. आणि २०२५ साली तर रीघच लागली : फेब्रुवारीत 'क्लॉड कोड', एप्रिलमध्ये 'कोडेक्स', जूनमध्ये 'जेमिनाय'चा टर्मिनल अवतार. आता दोन अक्षरांची आज्ञा पाठ असण्याची गरज उरली नाही. साध्या भाषेत सांगावे की मला अमुक पाहिजे. मदतनीस तुमच्या फायली उघडून वाचतो, काय बदलावयाचे ते ठरवितो, आज्ञा सुचवितो, 'चालवू का?' म्हणून विचारतो, तुम्ही होय म्हटले की ती चालवितो, यंत्राचे उत्तर स्वतःच वाचतो, आणि चुकले असेल तर पुन्हा प्रयत्न करतो. काम पुरे होईपर्यंत हा फेरा चालू राहतो.

तो येथेच का रमला, हेही पाहण्यासारखे आहे. हा मदतनीस म्हणजे अफाट मजकूर वाचून पुढील शब्दाचा अंदाज बांधावयास शिकलेली व्यवस्था. त्याचे खाणेपिणे शब्दांचे. आणि टर्मिनलमध्ये शब्दांखेरीज दुसरे काही नाही. १९७३ साली डग्लस मॅक्इलरॉय यांच्या आग्रहावरून युनिक्समध्ये 'पाइप' आला, आणि एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर सरळ दुसऱ्यात सोडता येऊ लागला. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडावे तसे. शब्द घेणारी आणि शब्द देणारी ही अवजारे पन्नास वर्षे जणू याच पाहुण्याची वाट पाहत होती. तात्पर्य, ही सांगड ओढूनताणून घातलेली नाही, एवढे गुण मी तिला प्रथमच देऊन टाकतो.

परंतु सांगड नैसर्गिक असणे निराळे आणि मर्यादेची असणे निराळे. मर्यादेचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. महासंगणकामुळे तिचे नाव झाले. पण मला तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित केले, ते या संस्थेत 'जिस्ट' या नावाने पुढे वाढले. जिस्टचे कार्ड संगणकात बसविले की, इंग्रजी अक्षरांसाठी रचलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी लिहिता-वाचता येई, आणि त्यासाठी तो प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागत नसे. हाही एक मध्यस्थच. पण तो दोघांच्या मध्ये बसून फक्त अक्षराचे रूप पालटून देई. मजकूर तुमचा तोच राही. 'क' टंकला तर 'क' उमटे. त्याऐवजी 'ख' बरा दिसेल असे त्याने कधी सुचविले नाही. नव्या मदतनिसाचे तसे नाही. तो मजकूरच लिहितो. म्हणून त्याच्याबाबतीत जो प्रश्न पडतो तो जिस्टबाबत कधी पडला नव्हता : या मजकुराचा कर्ता कोण?

या प्रश्नाची चाहूल रसिकांना, म्हणजे येथे टर्मिनल वापरणाऱ्यांना, लवकर लागली असावी. मॅक संगणकावर चालणारे 'आयटर्म २' हे टर्मिनल पुष्कळांच्या जिव्हाळ्याचे आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्याच्या ३.५ या आवृत्तीत मदतनिसाची सोय आली. स्वतःची परवानाचावी भरल्याशिवाय ती सुरूदेखील होत नव्हती. तरी वापरणाऱ्यांनी गिल्ला केला. टर्मिनलमधून परवलीचे शब्द जातात, गुपिते जातात. तिथे बाहेरच्याचा दरवाजा मुळात नकोच, असे त्यांचे म्हणणे. कर्ते जॉर्ज नॅकमन यांनी अखेर ती सोय वेगळी काढून, ज्याला हवी त्याने स्वतंत्रपणे आणून जोडावी अशी केली. गिल्ला करणारांचा सूर मला कर्कश वाटला, पण निर्णय योग्य वाटला. पाहुण्याला घरात घ्यावयाचे की नाही, हे घरधन्याने ठरवावे. घराबरोबरच पाहुणा विकत मिळू नये.

येथवरचे सारे मी पुस्तकी समीक्षकाच्या तोऱ्यात लिहू शकलो असतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात असे काही घडले की तो तोरा उतरला.

आमच्या जळोचीच्या उपबाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या हाताने लिहीत. शहरवासी वाचकांसाठी सांगतो : माल विकला गेला की वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती पडणारी रक्कम मांडून जो कागद शेतकऱ्याला देतात, ती पट्टी. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. सुटीत त्याने त्या गाळ्याला पट्टीचा प्रोग्रॅम करून देण्याचे पत्करले. माझ्याच ओसरीवर बसून, त्या काळ्या चौकटीत मदतनिसाशी बोलत, त्याने तो दीड दिवसात पुरा केला. मी खुर्चीवरून पाहत होतो. चौकटीत मजकूर सळसळत वर जाई, मधूनच तो थांबे, प्रश्न येई, भाचा होय दाबी, पुन्हा सळसळ. दुपारी तर त्याने 'यापुढे विचारू नकोस' असाही पर्याय निवडला. गणपतीच्या आरतीत मागे उभे राहून नुसत्या टाळ्या वाजवाव्यात, तसे ते होय होते.

पहिल्या सकाळी अकरा पट्ट्या छापून निघाल्या. त्यांतली एक आमच्याच घरी आली, कारण धाकट्या भावाचा टोमॅटो त्याच गाळ्यावर गेला होता. २४० किलो, दर १५ रुपये, एकूण ३,६०० रुपये. खाली हमाली, खाली तोलाई, आणि त्याखाली सुबक अक्षरांत : अडत, सहा टक्के, २१६ रुपये वजा.

पट्टी वाचावयास मला वडिलांनी शिकविले, आणि ते शिक्षण महाविद्यालयातल्या शिक्षणापेक्षा पक्के आहे. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून कापावयाची नाही, ती खरेदीदाराने द्यावयाची, हा बदल महाराष्ट्रात २०१६ साली झाला. त्या जुलैत व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, ते आमच्याकडे अजून कोणी विसरलेले नाही. त्या गाळ्यावरच्या हातपट्टीतही ही कपात नव्हती. मग ती आली कोठून?

मी भाच्याला हाक मारली. त्याने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघांनी चौकट उघडून आदल्या दिवशीचा सारा मजकूर मागे मागे नेला. ती ओळ तिथेच होती. मदतनिसाने लपविलेली नव्हती. नवी ओळ म्हणून हिरव्या रंगात, समोर अधिकचे चिन्ह लावून, त्याने ती दाखविली होती, आणि बाजारातील प्रचलित पद्धतीप्रमाणे अडत वजा करीत आहे असे शेजारी लिहिलेही होते. भाच्याने अडतीविषयी त्याला काही सांगितले नव्हते. बहुधा जुन्या काळच्या लिखाणात पट्टी म्हटली की अडत वजा, हे त्याने हजार ठिकाणी वाचले असेल. त्याने ती जागा आपल्या मनाने भरली आणि विचारले, चालवू का? आणि आमच्या ओसरीवरून उत्तर गेले : होय.

"अरे, हे वाचलं नाहीस?" मी विचारले.

"मामा, सगळं वाचत बसलो असतो तर मग मीच लिहिलं नसतं का?"

उत्तर उर्मट नव्हते. ते खरे होते, आणि म्हणूनच मला बोचले.

संध्याकाळी आम्ही दोघे गाळ्यावर गेलो. मालक भला माणूस. त्याने तक्रार न करता अकराही जणांची रक्कम परत काढून ठेवली, आणि पुढचा आठवडाभर पट्ट्या हाताने लिहिल्या. भाच्याने प्रत्येकाला स्वतः फोन केला. त्यांतील एक म्हातारे गृहस्थ पैसे न्यायला आले तेव्हा मी त्यांना विचारले, तुमच्या ध्यानात आले नाही का? ते म्हणाले, "आलं की वो मास्तर. पर मशिनीतनं निघाल्याली पट्टी, म्हणलं बरोबरच आसंल. कायदा बदलला आसंल परत."

हे वाक्य मला रात्रभर झोपू देईना. हाताने लिहिलेल्या पट्टीशी हा माणूस रुपया-रुपयासाठी भांडला असता. छापून आली म्हणून त्याने आपल्या माहितीवरच शंका घेतली. मदतनीस लिहितो तेही असेच, ठाम आणि नेटके. चूक आणि बरोबर यांचे अक्षर एकसारखे. भाचा त्या नेटकेपणाला भुलला, म्हातारा छापील कागदाला भुलला. दोघांचा रोग एकच.

आणि रोग माझाही आहे, हे आता सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका संग्रहावर मी एक गौरवपर परीक्षण लिहिले, ते निम्मा संग्रह आणि संपूर्ण प्रस्तावना वाचून. प्रस्तावना उत्तम होती. परीक्षणाखाली नाव माझे होते. ते होय आणि भाच्याचे होय यांत मला अंतर दिसत नाही. फरक इतकाच की माझ्या होकाराने कुणाच्या खिशातून २१६ रुपये गेले नाहीत. निदान मला तसे वाटते.

म्हणून माझा अभिप्राय असा. टर्मिनलमध्ये मदतनीस आल्याने प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नाहीसा होत नाही. त्याचा व्यवसाय बदलतो. तो लेखकाचा वाचक होतो, समीक्षक होतो. लिहिणे सोपे झाले; पण दुसऱ्याने लिहिलेले, नेटके, आत्मविश्वासाने भरलेले गद्य ओळीओळीने तपासणे हे लिहिण्याहून अवघड काम आहे. ज्यांनी जन्मभर तेच केले त्यांना विचारा. २०२५ साली अमेरिकेतील 'मीटर' या संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांना त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांतील २४६ कामे दिली, काही मदतनिसासह, काही त्याच्यावाचून. मदतनिसामुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम झाल्यावरही २० टक्के वाचला असेच ते म्हणत होते. प्रत्यक्षात १९ टक्के वेळ जास्त लागला होता. एवढ्यावरून मदतनीस निरुपयोगी ठरत नाही. ओळखीचे घर असले की पाहुण्याला वाट दाखविण्यातच वेळ जातो, हे उघड आहे, आणि ती साधनेही सुधारत आहेत. मला यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. आपण किती वाचले आणि किती मानले, हे आपले आपल्याला कळत नाही.

या रचनेचा दोष मला दिसतो तो असा. ती क्षुल्लक गोष्टीला आणि गंभीर गोष्टीला पुष्कळदा एकाच स्वरात परवानगी मागते. फाइलीचे नाव बदलू का, आणि शेतकऱ्याच्या रकमेतून सहा टक्के कापू का, हे दोन प्रश्न एकाच आवाजात आले तर तिसऱ्या प्रश्नाला ऐकणारा पेंगतो. शंभर वेळा विचारलेली परवानगी ही परवानगी राहत नाही, सवय होते. चांगला कारकून धन्याला शंभर कागदांवर सही मागत नाही. नव्याण्णव बाजूला ठेवून एकावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हे मी माझ्या मनाने भरले आहे, तेवढे पाहा. 'हे मी मनाने भरले' एवढे एक वाक्य त्या हिरव्या ओळीपाशी ठळक असते, तर माझ्या मते आमची ती सकाळ टळली असती.

आणि गुणही सांगितलेच पाहिजेत. बदललेली ओळ डोळ्यांसमोर मांडणे, काय केले त्याची नोंद मागे ठेवणे, केलेले उलटविता येणे, हे गुण या काळ्या चौकटीत आहेत. चूक कोठे झाली ते आम्ही पाव तासात शोधू शकलो. माझ्या त्या परीक्षणाची अशी नोंद कोठेही नाही.

भाच्याने मदतनीस सोडून दिला नाही, आणि मीही त्याला तसे सांगितले नाही. त्याने एक केले. गाळ्याच्या मालकाला शेजारी बसवून पट्टीचे नियम मराठीत लिहून काढले : शेतकऱ्याकडून काय कापावयाचे, काय कापावयाचे नाही. तो कागद आता मदतनिसाला कामाच्या आधी वाचावा लागतो. आणि जिथे पैशाचा आकडा बदलतो तिथे 'यापुढे विचारू नकोस' हा पर्याय त्याने बंद केला आहे. अशा ओळी आल्या की तो मला मोठ्याने वाचून दाखवितो. मला त्यातले अर्धे कळत नाही. पण मोठ्याने वाचताना त्याचे त्यालाच अडखळावयास होते, आणि तेवढ्यासाठी ऐकणारा लागतो.

वाचकहो, हा लेखही छापील आहे, आणि अक्षर नेटके आहे. पटला नाही तर चकली बाजूला ठेवून पुन्हा एकदा वाचा, आणि मगच होय म्हणा.